पायी धरलेली मासळी

मासा ओळखायचा झाला तर आधी त्याचं तोंड बघावं, मग शेपूट, आणि रंगावर मुळीच विसंबू नये, कारण मेल्यावर रंग बदलतो. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मला एवढंच शिकवलं गेलं आणि त्यावर मी चौतीस वर्षं काढली.

इरा, नील, हे तुमच्यासाठी. या अंकाच्या संपादकांनी नोकरीतल्या आठवणी मागितल्या तेव्हाच मी त्यांना सांगून टाकलं, की लेख नातवंडांना उद्देशून असेल, बाकीच्यांनी शेजारी बसून वाचावा. मध्ये नीलने मला बाल्कनीतल्या सगळ्या कुंड्यांचे फोटो पाठवायला लावले आणि त्याच्या अ‍ॅपने एकेकीचं नाव सांगितलं. गवती चहाचं उत्तर आलं, गवत. त्यावरून तुम्ही दोघं बराच वेळ भांडलात. इराचं म्हणणं, चहात घालतात ते गवत नव्हे. नीलचं म्हणणं, अ‍ॅप चुकत नाही. मग इराने विचारलं, आजी ऑफिसात काय करायची? तुमच्या बाबाने मध्येच तोंड घातलं, की ती मासे मोजायची. इराला ते काही काम वाटलं नाही. तर आधी तेच सांगते.

आपल्या किनाऱ्यावर कोणती मासळी किती उतरते हे सरकारला हवं असतं. मासेमारी कधी बंद ठेवायची, धक्का कुठे बांधायचा, हे त्यावरून ठरतं. पण बंदराला शंभर होड्या लागल्या तर शंभर होड्यांची मासळी तोलणार कोण? म्हणून आम्ही दर पाचवी होडी धरायचो. तिच्यातल्या दोन-चार पाट्या उपड्या करायच्या, जातवार ढीग लावायचे, तागडीत घालायचे आणि त्यावरून सबंध बंदराचा अंदाज बांधायचा. त्यासाठी छापील तक्ता असे. बोंबील, मांदेली, पापलेट, वाकटी, ढोमा, शिंगाळा असे एकापुढे एक रकाने, आणि अगदी उजवीकडे शेवटचा रकाना ‘इतर’.

वांद्र्याच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, प्राणिशास्त्राची पदवीधर, लग्न होऊन आगाशीत आलेली मुलगी सकाळच्या पहिल्या एसटीने बंदरावर जाते आणि उकिडवी बसून मासे निवडते, हे आमच्या आळीला पचायला दोन वर्षं लागली. सासूबाईंना मासे आवडत, त्यामुळे त्यांना लवकर पचलं.

माझं पहिलं भांडण झालं ते एका तांडेलाशी, म्हणजे होडीच्या म्होरक्याशी. त्याने लहान पापलेटं वेगळी काढून ठेवली होती, त्यांना तो कापरी म्हणे, मोठ्यांना सरंगा. मी दोन्ही एका ढिगात लोटली. जात एकच, लॅटिन नाव एकच. हे मी त्याला कॉलेजातल्या बाईंच्या थाटात समजावून सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “तुजा सासरा आनि तुजी पोर, दोगं मानसंच ना? मंग दोगांना एकाच मापाचा सदरा शिवतेस?” आजूबाजूच्या बायका हसल्या. मी ढीग एकच ठेवला. माझं बरोबर होतं. पुढे बऱ्याच वर्षांनी, वाढण्याआधीच पापलेट पकडली जातात म्हणून वरच्यांना काळजी लागली आणि लहान पापलेटांसाठी तक्त्यात वेगळा रकाना आला. तोवर तो तांडेल हयात नव्हता. त्याचंही बरोबर होतं. ढीग कशासाठी लावायचे आहेत हे आधी ठरवावं लागतं, एवढं मला तेव्हा कुणी शिकवलं नव्हतं.

पण ढीग लावायला मला मनापासून आवडे, हे लपवत नाही. पाटी उपडी केली की समोर नुसता चकचकीत गोंधळ. अर्ध्या तासाने तिथे बारा नीट ढीग आणि प्रत्येकाला नाव. असं वाटायचं, की आज जगाचं थोडं तरी आवरून झालं. घरी डाळींच्या डब्यांवर चिठ्ठ्या असत, औषधांच्या खोक्यात कप्पे असत. तुमचे आजोबा म्हणायचे, एक दिवस माझ्या कपाळावरही लावशील. मी म्हणायची, कुठल्या ढिगात घालायचं ते अजून ठरत नाहीये.

हिरूबाय मला भेटली ती बंदराच्या कडेला. होड्या लागायच्या तिथून थोडं आत खाडीचं तोंड होतं, आणि ओहोटी लागली की तिथून बायका पाट्या घेऊन चिखलातून वर येत. हिरूबाय माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी, सडपातळ, गुडघ्यापर्यंत चिखलाचे मोजे चढवल्यासारखी. तिच्याकडे होडी नव्हती, जाळं नव्हतं. एक लोखंडी आकडी आणि दोन हात. तिच्या पाटीत मात्र माझ्या दहा होड्यांत मिळून नसे एवढी विविधता असे. चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या, चिंबोऱ्या म्हणजे खेकडे, कालवं, शिवल्या, खुबे अशी शिंपल्यांतली मासळी, बोई माशाची पोरं, आणि जिचं नाव माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं अशी एखाद-दुसरी गोष्ट. एसटी यायला वेळ असला की मी तिच्या पाटीपाशी बसायची. निवटीचं बीळ गोल असतं, चिंबोरीचं आडवं आणि दारात नांग्यांच्या खुणा असतात, हे मला तिने हात चिखलात घालून दाखवलं. कालवांचे खडकसुद्धा बायकांत वाटलेले होते. कुणी कुणाच्या खडकावर जायचं नाही. कुठे लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक.

सुरुवातीला मी तिची पाटी ‘इतर’मध्ये धरत होते. पण काही महिन्यांत ‘इतर’ फुगला आणि वरून तांबड्या शाईने विचारणा आली, की इतर एवढं कसं? आता, तांबडी शाई म्हणजे माझ्यासारखीच्या जिवाला काय होतं ते तुम्हाला कळायचं नाही. मी दोन दिवस विचार केला आणि साहेबांना छोटीशी टिपणी दिली. तक्त्याची पहिली ओळ होडीच्या नंबराची आहे, तिच्यात जाळ्याचा प्रकार आणि तांडेलाचं नाव लागतं. ज्यांना होडीच नाही त्यांची ओळ भरता येत नाही. सबब पायी धरलेली मासळी नोंदीतून वगळावी. साहेबांना ती इतकी पसंत पडली की आसपासच्या सगळ्या बंदरांना तिची प्रत गेली. वर्षाअखेरच्या बैठकीत माझं नाव घेतलं गेलं. माझे तक्ते स्वच्छ दिसू लागले. ‘इतर’ जवळजवळ रिकामा.

आणि हिरूबाय दर खेपेला विचारायची, “बाय, माजं लिवलंस ना?”

मी म्हणायची, लिहिलं.

का म्हणायची? खरं सांगायचं तर नियम समजावत बसण्याएवढा वेळ नसे. आणि ती एवढ्या हौसेने पाटी उघडून दाखवायची, की तुझी मोजत नाही असं तोंडावर म्हणवत नव्हतं. मला वाटे, लिहिलं काय, न लिहिलं काय, तिला काय फरक पडणार? तिची निवटी निवटीच राहणार. एकोणीस वर्षं मी तिला लिहिलं म्हणून सांगितलं. मग माझी बदली कचेरीत झाली, आणि मग मी निवृत्त झाले.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आजोबा गेल्यानंतर मी इथे चंदनसारच्या फ्लॅटमध्ये आले होते. एका दुपारी वॉचमनचा फोन आला, की दोन बायका आल्या आहेत, नाव हिरूबाय सांगतात. तिच्याबरोबर होती तिची शेजारीण जनाबाय. हिरूबाय चिखलातली आणि खडकावरची. जनाबाय त्याच्या वरच्या अंगाला, खाजणातली. खाजण म्हणजे खाडीकाठची सखल खारी जमीन, जिथे पावसाळ्यात पाणी चढतं. पावसाच्या सुरुवातीला चिवणी नावाचा मासा अंडी घालायला तिथवर येतो, आणि जनाबायचं घर त्या दोन महिन्यांवर वर्ष काढायचं.

त्यांच्याकडे एक छापील अहवाल होता. खाडीच्या काठाने भराव टाकून रस्ता आणि वसाहत होणार होती आणि त्याची जाहीर सुनावणी आठ दिवसांवर आली होती. हिरूबायच्या नातीने अहवालातलं एक वाक्य पेनाने अधोरेखित केलं होतं. शासनाच्या अनेक वर्षांच्या नोंदींनुसार खाडीच्या या भागात मासेमारी आढळून येत नाही.

हिरूबायने तो कागद माझ्यासमोर सरकवला. तिच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती, उलट थोडी मजाच होती, जशी समोरच्याचं खोटं पकडता येणार असतं तेव्हा असते. म्हणाली, “सरकार म्हनतं, नाय. तुज्याकडं लिवलेलं हाय. ते काढ.”

मी चहा ठेवायला उठले. ओट्याशी उभी राहून पुष्कळ वाक्यं जुळवली. नियमच तसा होता, वरूनच तसं आलं होतं, तेव्हा कुणाला माहीत होतं. त्यातलं वरून आलं होतं हे तर सरळ खोटं होतं, वर माझ्याकडूनच गेलं होतं. चहा घेऊन बाहेर आले आणि सांगितलं, की मी कधीच लिहिलं नाही. टिपणीचंही सांगितलं.

जनाबायला पहिल्यांदा कळलंच नाही, तिने हिरूबायकडे बघितलं. हिरूबायने कप खाली ठेवला. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, “मंग इतकी वर्सं माजी पाटी उगडून बगायचीस, ती कशाला?”

मी म्हटलं, “मला आवडायचं, हिरूबाय.”

“हां,” ती म्हणाली. “मना बी आवडायचं. तुला दाखवाया.”

अहवालाची घडी घालत तीच म्हणाली, की मग आता हे तोंडाने सांग, सुनावणीला येऊन. आणि त्या दोघी उठल्या.

सुनावणी एका शाळेच्या हॉलमध्ये झाली. अधिकारी तुमच्या बाबाच्या वयाचा, सभ्य. तुम्हाला दुष्ट माणूस हवा असेल तर या गोष्टीत तो नाही. अहवाल लिहिणारे सुशिक्षित लोक एका भर दुपारी गाडीने आले होते, तेव्हा भरती होती, समोर नुसतं पाणी आणि एकही होडी नाही. बायका ओहोटीला उतरतात, त्या वेळी घरी भात रांधत होत्या. आलेल्यांनी पाणी पाहिलं, माझे तक्ते पाहिले, दोन्ही रिकामे. त्यांच्या जागी मी असते तर तेच वाक्य लिहिलं असतं, कदाचित अधिक चांगल्या मराठीत.

माझी पाळी आली. मी उभी राहून सांगितलं, की या नोंदी माझ्या हातच्या आहेत, त्यात एक आकडाही चुकीचा नाही, आणि तरी त्या खोट्या आहेत. मासेमारी होती. ती बायका पायी करत होत्या, आणि तक्ता होडीचा असल्यामुळे त्यांना वगळावं असं मीच सुचवलं होतं. अधिकाऱ्याने नम्रपणे विचारलं, “मॅडम, आपल्या म्हणण्याला आधार काय?” मी आयुष्यभर दुसऱ्यांना हाच प्रश्न विचारला होता. माझ्याकडे आधार नव्हता. मी म्हटलं, ती टिपणी जुन्या फायलींत असेल, तिच्यावर माझी सही आहे, आणि जे मोजू नये म्हणून लिहावं लागतं ते अस्तित्वात असतं. त्याने ते टिपून घेतलं. बरंच कुजबुजणं झालं आणि शेवटी ठरलं, की पंधरा दिवसांत पुन्हा पाहणी करायची, या खेपेला पायी.

जनाबाय तेव्हा उठली. भर हॉलमध्ये बोलायची तिची ती पहिलीच वेळ असावी. म्हणाली, “खाजनात पावसात या. आता या दिसांत तिकडं काय गावनार?” तेव्हा थंडीचे दिवस होते. अधिकारी म्हणाला, की पावसाळ्यापर्यंत थांबायचा अधिकार त्याला नाही. पडेल आवाजात म्हणाला. मी पुन्हा उभी राहिले, लेखी अर्जही दिला, जनाबायने सांगितलेली पावसाळी मासळी त्यात नावानिशी दिली. तो पुरवणी म्हणून जोडला गेला.

पाहणीचा तक्ता करायला त्यांनी मलाच बसवलं, आणि मी हिरूबायला. मी नेहमीच्या सवयीने जातवार रकाने पाडायला लागले, तर ती म्हणाली, असं नको. तिच्या हिशेबी आधी जागा: मऊ चिखल, घट्ट चिखल, खडक, ओढा. मग पाण्याची वेळ. मग काय मिळालं, आणि कोणी धरलं. पाहणीच्या तारखा बघून तिने मान हलवली. ते दिवस भांगाचे होते, म्हणजे अष्टमीच्या आसपासचे, जेव्हा पाणी धड ओसरत नाही आणि खडक उघडे पडत नाहीत. तारखा बदलून अमावास्येच्या बाजूला घेतल्या. एवढी साधी गोष्ट मला ठाऊक असायला हवी होती. पण मी आयुष्यभर एसटीच्या वेळापत्रकाने बंदरावर जात होते, भरती-ओहोटीच्या नाही.

एकाहत्तराव्या वर्षी मी त्या चिखलात उतरले. दुसऱ्याच पावलाला अडकले, आणि हिरूबायने मला काखेत हात घालून उपटून काढलं, कांद्याच्या पातीसारखं. नाव लिहून घेणाऱ्या मुलाने बायकांच्या व्यवसायाच्या जागी सगळीकडे गृहिणी असं लिहिलं होतं. मी दाखवल्यावर त्याने लगेच खोडलं आणि जीभ चावली. त्याला ते सुचलंच नव्हतं. मलाही त्याच्या वयात सुचलं नव्हतं.

हे तुम्हाला का सांगते? नावं शोधायचं सोडून द्या, असं मी म्हणणार नाही. नील, मिळेल त्या पानाचं, किड्याचं नाव विचार. नाव कळलं की माणूस दुसऱ्यांदा वळून बघतो, निवटीकडे मी तशीच बघायला शिकले. पण ढीग लावून झाल्यावर हातात जे उरतं, जे कशातच बसत नाही, ते टाकून देण्याआधी थोडं थांब. ते कुणाचं तरी असतं. आणि ज्याचं असतं त्याने विचारलं तर खरं सांग. माझी पहिली चूक टिपणीची होती, ती डोक्याची म्हणता येईल. दुसरी ‘लिहिलं’ म्हणण्याची, तिला दुसरं नाव नाही.

निकाल चार महिन्यांनी लागला. खालचा चिखल आणि कालवांचे खडक भरावातून वगळले. तिथे जागेपुढे एकेक अशी पंचवीस बायकांची नावं नोंदली गेली, त्या जागांना कुणी हात लावायचा नाही असं ठरलं. वरचं खाजण पाहणीच्या दिवसांत कोरडं ठणठणीत होतं. तक्त्यात त्याची नोंद पडीक जागा अशी झाली. त्याच उन्हाळ्यात डंपर आले. पाऊस सुरू झाला तेव्हा चिवणीला चढायला जागाच नव्हती.

पावसाळा सरल्यावर निकालाचा कागद घेऊन मी हिरूबायकडे गेले. ती खडकांपाशी बसून कालवं फोडत होती, आणि तिच्याशेजारी, तिच्याच खडकावर, जनाबाय. मी आधीच म्हटलं ना, खडक वाटलेले असतात, कुणी कुणाच्या खडकावर जात नाही. हिरूबायने आपला अर्धा तिला देऊन टाकला होता. मला ते विचारावं लागलं नाही, दोघींच्या पाट्यांवरून कळत होतं. कालवांत जनाबायचा हात अजून बसला नव्हता, बोटांना दोन ठिकाणी चिंध्या होत्या.

मी कागद वाचून दाखवला. हिरूबाय ऐकत होती, आकडी थांबवली नाही. म्हणाली, “जेवढं लिवलं, तेवढं वाचलं.” शाबासकी होती की दुसरं काही, मी अजून ठरवू शकलेले नाही. जनाबायने पुढचं कालव हातात घेतलं.

यादीत त्या खडकापुढे एकच नाव होतं, हिरूबायचं. मी म्हटलं, जनाबायचं नावही घालून घेऊ, अर्जाचा कोरा कागद मी काढलाच आहे, उद्या भरून देते.

हिरूबायने जनाबायकडे बघितलं, जनाबायने तिच्याकडे. “नको, बाय,” हिरूबाय म्हणाली. “एका खडकाला दोन नावं बगतील, आनि इचारतील, खरा कुनाचा? हे आमचं आमी बगतो.”

मी अर्ज घडी करून पिशवीत ठेवला. पाणी वर येऊ लागलं होतं. दोघींची कालवं फोडून होईपर्यंत मी तिथेच बसले, आणि कुठल्या पाटीत किती पडतात ते मोजलं नाही.